बैल थेट लोकांत!

अहो वहिनी, ऐकलंत का? तो चित्रकार गोया हो, माद्रिदचा... कानांनी ठार बहिरा, सत्तरी गाठलेली, आणि या वयात तांब्याच्या पत्र्यावर कोरत बसला काय, तर बैलांच्या झुंजी! एक नाही, दोन नाही, 33! 1816 साली विकायला ठेवल्या, काये मायोर रस्त्यावरच्या दुकानात. सुटं चित्र 10 रेआल, अख्खा सेट 300. म्हणजे सेट घेतला तर तीस वाचतात, पण घेतंय कोण! त्याआधी कार्निसेरोने याच झुंजींची चित्रं काढली होती ना, कशी नीटनेटकी, बघणाऱ्याला बरं वाटेल अशी. आणि याची बघावीत तर पोटात गोळाच येतो.

ते एकविसावं बघा. बैल कठडा ओलांडून थेट प्रेक्षकांत घुसला, आणि शिंगांवर आडवा कोण, तर तोर्रेहोनचा मेयर! आला होता बिचारा मजा बघायला. उजवीकडे माणसं एकमेकांवर कोसळताहेत, तोंडं वासलेली... आणि डावीकडची बाकं मोकळी. नुसतीच मोकळी! दुसऱ्या कुणी तिथे चार बायका बेशुद्ध पाडल्या असत्या. याने ती जागा तशीच सोडली, म्हणून तर बैल इतका मोठा वाटतो. खरं सांगू? मला तर सगळ्यांत हेच आवडतं.

तर काय सांगत होते... हां, बाईसुद्धा आहे बरं का त्यात! ती पाहुएलेरा, सारागोसाच्या रिंगणात घोड्यावर बसून बैलाला भाला लावणारी. नाकं मुरडली असतील की लोकांनी! गोयाने मात्र तिला गड्यांच्याच रांगेत बसवलीय.

आणि तो बैलांशी झुंजणारा पेपे इयो? झुंजीचं शास्त्र सांगणारं पुस्तक त्याच्या नावावर, 1796 चं. ते म्हणे दुसऱ्यानेच लिहून दिलं, आता आपण कशाला बोला! पाचच वर्षांनी माद्रिदमध्ये बैलानेच त्याला संपवलं. गोयाने ते मरण एकदा काढून भागवलं नाही हो, तीनदा काढलं. एक सेटच्या शेवटी लावलं, बाकीची दोन बाजूला ठेवली. ती कुठे? पत्र्यांच्या पाठीवर! तांबं महाग, दोन्ही बाजू वापरायचा. मागच्या बाजूंची अशी सात चित्रं तर तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी पॅरिसमध्ये छापली गेली.

शेवटी म्हातारा गेला फ्रान्सला, बोर्दोला. तिथे मोरातिन होताच, त्याचा जुना दोस्त. त्याला हे महाशय सांगतात, तरुणपणी मीही बैलांशी झुंजलोय, हातात तलवार असली की कुणाला भीत नाही! ऐंशीला आलेत, बघा... आणि बसले नाहीत हं, तिथे लिथोग्राफीने दगडावर पुन्हा बैलच काढले, चार मोठी चित्रं. पॅरिसच्या फेरेरला विचारलं, विकशील का? त्याने सुचवलं, त्यापेक्षा तुमची ती जुनी चित्रमाला, काप्रिचोस, पुन्हा छापा. झालं! तोंड पडलं असेल ना हो? पण उत्तर काय धाडलं ऐका. ते पत्रे मी कधीच राजाला देऊन टाकलेत, आणि आज माझ्याकडे त्याहून चांगलं आहे, जास्त खपेल असं!