धबधबे सर

जालन्यात हवामान खात्यावर विश्वास ठेवणारी माणसं थोडी आणि धबधबे सरांवर विश्वास ठेवणारी त्याहून थोडी. तरी दर पावसाळ्यात सरांच्या दोन क्रूझर गच्च भरतात, आणि मागच्या वर्षी 'पुन्हा या माणसाच्या नादी लागणार नाही' असं शपथेवर सांगितलेली मंडळी खिडकीजवळची जागा धरायला पहाटे पाचलाच येऊन उभी राहतात.

हे सर एकच आहेत असं समजू नका. आमच्या शहरात दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक निघतो. कोणी बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहितो, कोणी सळईच्या कारखान्यात सुपरवायझर असतो, कोणी विमा विकतो, तर कोणी भूगोल शिकवून निवृत्त झालेला असतो. 'सर' व्हायला आमच्याकडे शाळा लागत नाही, आवाज लागतो. त्यावर गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपीच्या ऐवजी हॅट, गुडघ्यापर्यंत खिसेच खिसे असलेली पँट आणि खांद्यावर दोराचं भलंमोठं वेटोळं आलं, की धबधबे सर तयार झाले. हा दोर कशासाठी आहे, हे विचारू नये. आजवर तो क्रूझरच्या टपावरची पातेली बांधायला आणि परतताना ओले टॉवेल वाळत घालायला उपयोगी पडला आहे. पण सरांच्या खांद्यावर तो नसेल, तर सहलीला आलेल्या मावशींना उगाच धास्ती वाटते.

सरांची सुरुवात घाणेवाडीपासून होते. निजामाच्या काळात बांधलेला हा तलाव पंप न लावता नुसत्या उतारावर जालन्याला पाणी देत आला. चांगल्या पावसात त्याचा सांडवा वाहिला, की अर्धं शहर गाड्या काढून तो बघायला जातं. सांडव्यावरून पडणारं पाणी पाहून 'वा!' म्हणणारे बरेच असतात. त्यातला एखादाच 'याहून मोठं कुठं पडतं?' असं विचारतो, आणि तिथंच त्याचा संसारातला रविवार संपतो. 2012-13 च्या दुष्काळात ज्यांनी मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना पाहिल्या आणि टँकरमागे हंडे घेऊन धावले, त्यांच्यात ही बाधा जास्त आढळते.

जुलै उजाडला, की व्हॉट्सॲपवर निरोप येतो : 'रेनफॉरेस्टमधील गाईडेड सहल! धबधबे! नैसर्गिक वॉटरस्लाइड! नाष्टा (सुशीला), जेवण (धपाटे, ठेचा, दही) समाविष्ट. ज्याने त्याने आपली जोखीम.' खाली सूर्यफुलांची चित्रं.

आता सदाहरित जंगलाला आधी पाऊस लागतो. आंबोलीत तो वर्षाला सातेक हजार मिलिमीटर पडतो. आमच्या जिल्ह्यात सरासरी सातशेच्या आसपास, तीही पडेल त्या वर्षी. सर ज्याला 'मराठवाड्याचं ॲमेझॉन' म्हणतात, ते गौताळा 1986 साली अभयारण्य झालं हे खरं. पण तिथलं रान पडलं शुष्क पानझडी. वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त मॅडमनी हे सरांच्या लक्षात आणून दिलं. सरांनी शांतपणे हॅट काढली, चकचकीत टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, जुलैत बघा त्याला. एप्रिलमध्ये काय, मीपण पानझडीच आहे."

वॉटरस्लाइडचं वेड मात्र मोबाइलमधून आलं. फिजी देशात तावेऊनी नावाचं बेट आहे. तिथं वाइतावाला नावाची खडकातली नैसर्गिक घसरगुंडी आहे आणि गावातली पोरं तिच्यावरून चक्क उभ्यानं घसरत खाली येतात. ती रील सरांनी आम्हा सगळ्यांना पाठवली, पुन्हा पाठवली आणि मग प्रत्यक्ष भेटून दाखवली.

"फिजीत काय आहे? ज्वालामुखीचा दगड आणि पाणी. आपल्याकडं काय आहे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखीचा दगड!"

"आणि पाणी, सर?"

"ते येईल."

सहलीची तारीख मात्र सर ठरवत नाहीत, पाऊसही ठरवत नाही. ती नळ ठरवतो. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आठवड्या-पंधरवड्यानं, आणि कधी येईल ते त्याच्या मर्जीवर. त्यामुळे तारीख पक्की करताना प्रत्येक गल्लीचा अंदाज घ्यावा लागतो. गांधीचमनकडच्यांना रविवार चालतो तर मोंढ्याकडच्यांचा नेमका तोच दिवस असतो. धबधबा पाहायला जायचं आणि मागे घरचा नळ वाहून जायचा, हा धोका पत्करणारं कुटुंब अजून जन्माला यायचं आहे. शेवटी सर सगळ्यांचे दिवस वहीत मांडून मधली एक कोरडी तारीख शोधतात. एकदा ती सोमवारी निघाली. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात. फर्दापूरच्या फाट्यावरून परत फिरताना सर म्हणाले, "मुद्दामच सोमवार धरला. गर्दी नसते."

गाड्या निघतात त्या आधी राजूरच्या गणपतीला थांबतात. नारळ फुटतो, खोबरं वाटलं जातं, आणि सरांचं तोंड सुरू होतं. भोकरदन आलं, की गाडी हळू करायला लावून ते सांगतात, हे प्राचीन भोगवर्धन, याचं नाव सांचीच्या दानलेखांत आहे. 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली, आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इथल्या उत्खननात सापडली. पॉम्पेईची मूर्ती इकडूनच गेली असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. सरांना वाटत नाही; सर ती पाठवणीच्या वेळी हजर असल्याच्या थाटात सांगतात. "म्हणजे ज्वालामुखीशी आपला घरोबा जुना!" असा समारोप होतो, तोवर मागच्या बाकावर सुशीला संपलेली असते.

मग सिल्लोड, अजिंठा गाव, घाट आणि लेणी. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या त्या कड्यावरून वाघूर नदी सात टप्प्यांनी खाली येते, तो सप्तकुंड. वरून पडणाऱ्या पाण्यानं आणि त्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बसाल्टमध्ये एकेक कुंड कोरून काढलं आहे. 1819 साली वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला इथली लेणी दिसली, हे सगळ्यांना माहीत असतं. सर तेही सांगतात आणि पुढे जोडतात, "तो वाघामागं आला होता, आपण पाण्यामागं आलो. आपलं काम अवघड आहे. वाघ निदान एका जागी बसतो."

इतर गावचे लोक इथं काय करतात? फोटो काढतात. आमचे जालनेकर कठड्याला टेकून गप्प उभे राहतात. त्यांच्या डोळ्यांत सौंदर्य भरलेलं नसतं, हिशेब चाललेला असतो. दहा मिनिटांनी एक मावशी विचारतातच, "सर, इतकं पाणी जातंय कुठं?"

हा प्रश्न येणार हे सरांना माहीत असतं. ते दोन्ही हात पसरतात. अजिंठ्याची ही रांग म्हणजे तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधला वरंबाच. दक्षिण उतारावर पडलेला पाऊस गिरजा, केळणा, पूर्णा असा वळत वळत गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातो. उत्तरेकडे पडलेला वाघूरमधून तापीला मिळतो आणि अरबी समुद्र गाठतो. समोरचं सगळं पाणी उत्तरेचं.

"म्हणजे खानदेशात?"

"हौ. जळगावकडं."

मंडळींत अस्वस्थ शांतता पसरते. सव्वाशे किलोमीटर येऊन, पैसे भरून, आपण जळगावकरांचं पाणी बघतोय, ही गोष्ट पचायला जड जाते. "कामून पण?" एक व्यापारी काका कळवळून म्हणतात. मावशी डोंगराकडे निरखून बघत विचारतात, "थोडा सरकवता नाही का येणार?"

सप्तकुंडात उतरायला मनाई आहे, आणि ती सर काटेकोर पाळतात. वॉटरस्लाइडसाठी त्यांनी सोयगावच्या बाजूला एक ओढा हेरून ठेवलेला आहे. तिथं काळा खडक तिरका उतरत जातो, गुळगुळीत आहे, शेवाळ बेताचं आहे, खाली कमरेइतका डोह आहे. उणीव एकच : खडकावरून जेमतेम पायाची बोटं भिजतील इतकं पाणी वाहतं. सरांनी हॅट घट्ट केली, मांडी घालून बसले, "फिजी!" असं ओरडले आणि बसल्या जागीच राहिले. दोन पोरांनी मागून ढकललं तेव्हा वीतभर सरकले.

"पाणी कमी पडतंय," सर म्हणाले.

हे वाक्य जालन्याच्या माणसासमोर उच्चारायचं नसतं. क्षणात सगळी क्रूझर कामाला लागली. आमच्यात कडवंचीकडचे एक द्राक्षबागायतदार होते. कडवंची म्हणजे पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर कोरड्या माळावर द्राक्षं पिकवणारं गाव. त्यांनी ओढ्याकडं एक नजर टाकली आणि सूत्रं हाती घेतली. "माथ्यापासून पायथ्याकडं या," असं म्हणत त्यांनी वरच्या अंगाला जागा निवडली. दगड आले. चिखल आला. कोणाचा टॉवेल, कोणाचा पंचा, सरांच्या नाष्ट्याच्या पिशव्या भरीला गेल्या. सांडवा डावीकडं काढायचा की उजवीकडं, यावर दोन गट पडले. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी गवताची मुळं लावून बांध पक्का केला. सरांचा दोर पहिल्यांदाच खऱ्या कामी आला. त्यानं बांध सरळ रेषेत आखला गेला. अर्ध्या तासात मागे गुडघाभर पाणी साठलं. काय देखणं दिसत होतं ते! सगळे काठावर बसून त्याच्याकडं एकटक बघत होते. इतक्या प्रेमानं सप्तकुंडाकडं कोणी पाहिलं नव्हतं.

सर घसरगुंडीच्या तोंडाशी जाऊन बसले, शिट्टी फुंकली आणि ओरडले, "सोडा!"

कोणी हललं नाही.

"अहो, सोडा पाणी!"

"सर," बागायतदार हळूच म्हणाले, "साठलेलं आहे हो."

एवढं बोलणं पुरेसं होतं. भरलेलं पाणी हातानं सोडून द्यायचं, तेही माणसाला घसरता यावं म्हणून? सरांनी पुन्हा शिट्टी तोंडाजवळ नेली, मागं वळून त्या पाण्याकडं पाहिलं आणि शिट्टी खाली केली. तेही जालन्याचेच.

पण शिट्टी त्यानंतर वाजली, आणि ती निराळी होती. आमच्या डोक्यावर ऊन होतं. वर डोंगरमाथ्यावर मात्र काळं आलं होतं. ओढ्याचं नितळ पाणी एकाएकी चहाच्या रंगाचं झालं, त्यात पाचोळा आणि काटक्या वाहत आल्या. सरांच्या तोंडून त्या क्षणी ना फिजी निघालं, ना पॉम्पेई. "सगळे वर! पिशव्या राहू द्या!" एवढंच. त्यांनी पोरांना बखोटीला धरून चढवलं, मावशींना हात दिला, आणि वर आल्यावर एकेकाच्या डोक्याला बोट लावून मोजणी केली. मग उलटी केली. सर ही मोजणी दर थांब्यावर करतात आणि आम्ही दर थांब्यावर हसतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हापासून त्यांच्या मोजणीत एकदाही चूक झालेली नाही आणि कोणी मध्येच बोललेलं त्यांना खपत नाही. थोड्याच वेळात लोंढा आला. टॉवेल, पंचा आणि गवतमुळांसह आमचा बांध गेला. तिरक्या खडकावरून आता हवं तेवढं पाणी सुसाट घसरत होतं. बागायतदार म्हणाले, "सांडवा उजवीकडंच हवा होता."

परतीची गाडी शांत असते. भिजलेली माणसं, पेंगणारी पोरं, खिडकीतून मक्याचा वास. सर पुढच्या वर्षीच्या ताम्हिणी-आंबोलीच्या बेताला नुकतीच सुरुवात करत होते. राजूरच्या अलीकडे एका काकूंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि किंचाळल्या, "नळ आलाय!"

वहीत तो दिवस कोरडा होता. पण नळानं वही वाचलेली नव्हती. दिवसभर दोन खोऱ्यांचं पाणी पाहून आलेली ती अख्खी गाडी ड्रायव्हरच्या अंगावर ओरडू लागली. जो तो घरी फोन लावत होता. मोटर लावा, पाइप जोडा, आधी वरची टाकी. राजूरला हात जोडायचे ते धावत्या गाडीतूनच जोडले. जालन्यात पहिल्याच चौकात माणसं पटापट उड्या मारून गल्लीबोळांत पसार झाली. त्या दिवसात पहिल्यांदाच डोकी मोजायची राहिली. सर फूटपाथवर उभे राहून फोनवर घरची पिंपं मोजून घेत होते.