मालक कुठायत?

"मालक कुठायत?" ठाणे अंमलदारानं रजिस्टरातून मान वर न काढता विचारलं.

"मीच मालक," वहिनी म्हणाल्या.

"तसं नव्हे ताई. गाडीचे मालक."

"गाडीचंच सांगतेय साहेब. आरसी बघा."

त्यानं आरसी बघितली, मग वहिनींकडे बघितलं आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. आमच्याकडे बाई नवऱ्याला मालक म्हणते आणि गाडी ज्याच्या नावावर त्यालाही मालकच म्हणतात. दोन्ही जागी एकच माणूस असणार, असं सगळे धरून चालतात. या वेळी तसं नव्हतं. बचत गटाच्या कर्जातून घेतलेला छोटा हत्ती वहिनींच्या नावावर, हप्ता त्यांच्या खात्यातून. गटारीच्या रात्री दादा नाशिकला कोथिंबीर उतरवून तो घेऊन परत येत होता. नाकाबंदीत त्याला नळीत फुंकायला लावलं. चिठ्ठीवर आकडा उमटला 96.

कायद्याची रेघ 30 ची आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल, त्यापुढे गुन्हा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 185. दादा त्या रेघेच्या तिपटीपलीकडे होता. ज्या रस्त्यानं तो येत होता, त्या रस्त्यावर पहाटे दूधवाले असतात आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं अंधारात धावत असतात. त्याला पकडलं हे फार बरं झालं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून मी त्याची बाजू घेतोय असं कुणाला वाटू नये.

रात्री एक वाजल्यापासून वहिनींच्या घरातले सगळे फोन लागले होते. मेहुण्याचा साडू पोलिसात आहे. गटाच्या अध्यक्षबाईंचा भाचा आमदारांच्या कार्यालयात बसतो. कुणाची ओळख आहे का? कुणी सांगेल का साहेबांना? अख्खं घर जागं होतं, आणि एकाच कामासाठी जागं होतं. दादानं किती प्यायली, कुणाबरोबर प्यायली, हे महिन्यातून कितव्यांदा, हा प्रश्न पहाटेपर्यंत कुणी विचारला नाही.

ओळखीच्या फोनचा मला खरोखर राग आहे. या गुन्ह्यात अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्या माणसाला सोडावं लागतं. रक्तातली दारू तासागणिक उतरत जाते. म्हणजे "जरा थांबा, साहेबांशी बोलतो" असं म्हणणारा प्रत्येक फोन पुरावा पातळ करत असतो. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. ते प्रकरण मोठ्या घरचं, आमचं कोथिंबिरीच्या टेंपोचं. पण "आपल्या माणसाचं तेवढं बघा" ही विनंती दोन्हीकडे एकाच जातीची आहे. आमच्या आळीत कुणाला हे पटलं नाही. मी पुन्हा सांगीन.

साडूच्या फोनचा काही उपयोग झाला नाही. दादा तपासणी होऊन जामिनावर घरी आला आणि झोपला. गाडी राहिली ठाण्याच्या आवारात.

सकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्हाला कागदातलं कळतं. चला जरा."

कागद असे. आरसी, विमा, पीयूसी, आधार, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. वकिलांचं वकीलपत्र. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मुद्देमाल परत मिळावा म्हणून अर्ज. त्यावर सरकारी वकिलांचं म्हणणं, त्यासाठी तपास अंमलदाराचा अहवाल, आणि तपास अंमलदार बंदोबस्ताला गेलेला. मुद्देमाल हा शब्द वहिनींनी दोनदा विचारून घेतला. चोरीचं सोनं, खुनातला कोयता आणि त्यांचा छोटा हत्ती एकाच रजिस्टरात एकाच शब्दाखाली लिहिले जातात, हे त्यांना आवडलं नाही. मलाही नाही. त्या आरोपी नव्हत्या. त्यांच्या नावावर गुन्हा नव्हता. तरी तीन दिवस त्यांची गाडी अडकून पडली. पहिल्या दिवशीची कोथिंबीर वाफ्यातच पिवळी पडली आणि पुढचे दोन दिवस भाड्याच्या गाडीनं माल गेला. जो प्यायला होता तो घरी, जिचं कर्ज आहे ती कोर्टाच्या व्हरांड्यात.

दुसऱ्या दिवशी सही हवी म्हणून दादाला बोलावलं. तो आला मित्राच्या मोटरसायकलवर. स्वतः चालवत आला. खिशात परवाना होता.

मी तिथेच वकिलांना विचारलं, यांचा परवाना घेतला नाही का? नाही घेतला.

इथे जरा थांबून कायदा वाचूया, कारण लोकांना आणि बऱ्याच वेळा खाकीलाही वाटतं त्याच्या तो उलटा आहे. 2019 च्या दुरुस्तीनं कलम 206 मध्ये एक पोटकलम आलं. दारू पिऊन गाडी चालवल्याचं मानायला कारण असेल तर पोलीस अधिकाऱ्यानं चालकाचा परवाना ताब्यात घ्यायचा आणि अपात्रतेच्या कारवाईसाठी आरटीओकडे पाठवायचा. वाटलं तर घ्यावा असं तिथे लिहिलेलं नाही, घ्यायचाच आहे. गुन्हा शाबीत झाला की कलम 20 प्रमाणे कोर्टानं किमान सहा महिने त्या माणसाला गाडी चालवायला अपात्र ठरवायचं आहे. शिक्षा पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा पकडला तर पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जागेवर पावती फाडून मिटवण्याच्या यादीत हा गुन्हा नाहीच. सगळा रोख माणसावर आहे.

आणि गाडी? कलम 185 मध्ये गाडी अडकवण्याबद्दल एक अक्षर नाही. गाडी अडकवून ठेवण्याचं कलम 207 आहे. त्यातली कारणं म्हणजे नोंदणी नाही, परवाना नाही, परमिट नाही किंवा परमिटच्या अटी मोडल्या. दारूचं नाव त्यात नाही. अर्थात, प्यायलेल्या माणसाच्या हातात रात्री दोन वाजता चावी परत देता येत नाही, गाडी बाजूला घ्यावीच लागते. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. शुद्धीतला आणि परवाना असलेला माणूस दाराशी येऊन उभा राहिल्यावर गाडी का जात नाही, एवढंच विचारतोय.

नोव्हेंबर 2021 मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं. केवळ चालक प्यायला म्हणून पोलिसांनी वाहन अडकवून ठेवू नये. सोबत न प्यायलेला परवानाधारक असेल तर त्याच्या हाती द्यावं. नसेल तर नातेवाइकाला बोलवावं. कुणीच आलं नाही तर तात्पुरतं ठाण्यात ठेवावं आणि कागद दाखवल्यावर मालकाला सोडावं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण शहाणपणाला हद्द नसते. त्याच्याही आधी, 2002 मध्ये, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जप्त वाहनं ठाण्यात सडत ठेवण्यात अर्थ नाही, योग्य हमी घेऊन ती लवकर सोडा, असं सांगून ठेवलंय. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 497 आहे. फोटो काढा, गरज पडली तर चित्रीकरण करा, वर्णन लिहून ठेवा, तोच पुरावा धरा आणि ठरलेल्या दिवसांत वस्तूचा निकाल लावा. आमच्या त्या आवारात मात्र चाकांतून रुईचं झाड वर आलेली एक जीप होती. तिचा खटला कुठवर आला हे तिथल्या कुणाला सांगता आलं नाही.

मला चीड आली ती याची. कायदा म्हणतो परवाना घ्या. प्रत्यक्षात परवाना खिशात राहतो आणि गाडी आवारात जाते. गाडी डोळ्यांना दिसते, क्रेननं ओढता येते, रजिस्टरात नोंद होते, कारवाई झाल्यासारखी वाटते. परवाना हे खिशातलं एक कार्ड. पण रस्त्यावरच्या त्या पोरांचा जीव त्या कार्डावर अवलंबून आहे. दादाकडून एक टेंपो काढून घेतला, त्याला गावात वीस मोटरसायकली मोकळ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी आदेश झाला. सुपुर्दनाम्यावर गाडी द्यावी. वहिनींनी बंधपत्रावर सही केली: गाडी विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करीन. कारकुनानं कागद पुढे सरकवला आणि सवयीनं म्हणाला, "इथे मालकांची सही." दादा पुढे झाला. वहिनींनी पेन घेतलं.

ठाण्यात चावी मिळाली. आता चालवणार कोण? वहिनींना गाडी येत नाही. दादानं हात पुढे केला, एवढ्या सहज की क्षणभर माझ्याही लक्षात आलं नाही. तीन दिवसांपूर्वी 96 आकडा आलेला तोच हात.

"नको," वहिनी म्हणाल्या. त्यांनी धाकट्या दिराला बोलावून ठेवलं होतं. त्याच्याकडे परवाना आहे, आणि तो माळकरी आहे.

वाटेत मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगतो. दादाचा परवाना सहा महिने गेला आणि तरी त्यानं गाडी चालवली, तर त्याला कलम 182 प्रमाणे दहा हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि परवाना नसलेल्याला गाडी चालवू दिली म्हणून मालकाला वेगळी शिक्षा आहे, कलम 180, पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. मालक म्हणजे त्या. शिवाय प्यायलेल्या चालकाच्या हातून गाडी ठोकली गेली तर गाडीच्या नुकसानीचे पैसे विमा कंपनी देत नाही, आणि कर्ज तसंच राहतं.

"म्हणजे चावी दिली तरी माझंच," वहिनी म्हणाल्या.

"हो."

त्या बराच वेळ गप्प होत्या. टेंपोत मागे कोथिंबिरीचा वाळका पाला होता, त्याचा वास पुढेपर्यंत येत होता. फाट्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊजी, शिकाऊ परवान्याला काय काय लागतं?"

मी सांगितलं. ऑनलाइन अर्ज, आधार, छोटी परीक्षा. तीस दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते. छोट्या हत्तीला वेगळा परवाना लागत नाही. साडेसात हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं पक्कं केलंय.

"परीक्षा मराठीत असते?"

"असते."

सोमवारी त्यांचा अर्ज भरला. फोटो जुना होता, तो बदलायला लावला. शिकवायला धाकटा दीर रोज पहाटे बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात येतो, त्या वेळी भरतीची पोरंही तिथेच धावत असतात. वहिनींनी त्यांना आधी बजावलंय, मी पहिला गिअर शिकतेय, कडेनं पळा.