सातबाऱ्याचा भागाकार

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्याला गाव नमुना ७, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, आणि गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंद, यांचा जोडउतारा ‘सातबारा’ म्हणून ठाऊक असला, तरी संगणकाच्या स्क्रिप्टिंग भाषांना, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम वेगळा यंत्रभाषेत उतरवून न ठेवता थेट चालवणाऱ्या भाषांना, त्याबाबत एकमत साधलेले नाही. ७ ही संख्या आणि ‘१२’ हा अवतरणचिन्हांतील मजकूर यांची बेरीज पीएचपीमध्ये १९ होते, जावास्क्रिप्टमध्ये ‘७१२’ होते, आणि पायथन त्रुटी दाखवून अर्जच परत करते.

ही अडचण निदान दिसते तरी. खरा घोळ बिनतक्रार चालणाऱ्या रूपांतरात होतो. पोटखराब्याच्या, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्राच्या, रकान्यातील ‘०’ हा मजकूर पीएचपी असत्य मानते आणि पायथन सत्य, त्यामुळे जशीच्या तशी उतरवलेली अट भीमाकाठच्या भरघोस उसाच्या रानातही पोटखराबा शोधून काढते, आणि तेही जागेवर न जाता, ज्या कौशल्याचे महसुली व्यवहारात कोणाला फारसे नवल वाटू नये.

एकाच भाषेच्या दोन पिढ्यांतही सलोखा नाही. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये ७/१२ चे उत्तर ०.५८३ च्या आसपास येते, तर २०२० च्या प्रारंभी आधार संपलेल्या पायथन २ मध्ये पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच देत असल्याने ते शून्य येते. सातबारा कोरा करण्याचे जे आश्वासन निवडणुकीच्या सभांतून वारंवार दिले जाते, ते या निवृत्त भाषेने एकही शासन निर्णय न काढता पाळले होते.