राजाची अडीच घरं केव्हा आठवावीत

प्रस्तुत मार्गदर्शन शेवगाव तालुक्यातल्या पारांवर देशी बुद्धिबळ खेळू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी आहे. नेवासे-पाथर्डीकडच्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरावं. नियम गावागणिक बदलतात. आमच्या गावात तर मारुतीच्या पारावरचे नियम वेगळे आणि सोसायटीच्या ओट्यावरचे वेगळे. ओट्यावर वाघ असलेला गडी पारावर आला की पहिला डाव हटकून हरतो.

मोहरी कशी चालतात ते इथे दिलेलं नाही. ते पोराटोरांनाही येतं. इथे विषय विशेष अधिकारांचा. कोणत्या मोहऱ्याला कोणता अधिकार, तो केव्हा लागू होतो, केव्हा बुडतो, दोन अधिकार समोरासमोर आले तर चालतो कोणाचा, आणि आपल्याकडे तो आहे हे समोरच्याला नेमकं केव्हा सांगायचं.

या शेवटच्या कलमाचे आमच्याकडचे एकमेव तज्ज्ञ म्हणजे नाना. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात तंबाखूची पुडी, आणि टोपीखाली दोन नियमपुस्तकं: एक देशी, एक विलायती. डाव सुरू होताना कोणतं उघडलंय हे नाना सांगत नाहीत. समोर बहुधा निवृत्त गुरुजी असतात. त्यांच्याकडे एकच पुस्तक आहे आणि ते छापील आहे. तिथेच ते अर्धा डाव हरतात.

आता मांडणी. देशीत राजासमोर राजा येत नाही, राजासमोर वजीर येतो. गुरुजी सवयीने राजासमोर राजा मांडतात, नाना काही न बोलता आपला राजा-वजीर अदलाबदल करतात. नानांचा पट कापडी आहे, जाड सुताने घरं शिवलेली, सगळी एकाच रंगाची. जुने देशी पट असेच असत. काळी-पांढरी घरं हे विलायती चोचले. हे एकरंगीपण पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवावं.

मुख्य अधिकार राजाचा. देशीत किल्लेकोट, म्हणजे विलायतीतलं कॅसलिंग, नाही. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची चाल मिळते, अडीच घरांची उडी. अट एकच: तोवर त्याला शह बसलेला नसावा. शह एकदा बसला की अधिकार कायमचा गेला, मग तो शह मध्ये मोहरं घालून तुम्ही टाळला असला तरी. म्हणून जाणता खेळाडू सुरुवातीच्या चालींतच एक फुकटचा शह देऊन टाकतो. त्या शहाने मात होत नाही, मोहरं मिळत नाही, उलट एखादी चाल वाया जाते. पण समोरचा राजा कायमचा पायी चालतो. नवशिक्याला हा शह मूर्खपणाचा वाटतो. तो नाही. एवढी एक गोष्ट या लेखातून घेतली तरी पुरे.

आता नानांचा तोडगा पाहा. गुरुजींचा उंट तिरका येऊन नानांच्या राजाच्या रेषेत बसतो. गुरुजी सभ्य माणूस, ‘शह’ म्हणताना त्यांचा आवाज शाळा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर असावा तेवढाच निघतो. नाना तंबाखू मळतच असतात. मळता मळता करंगळीने एक प्यादं एक घर पुढे ढकलतात, अगदी सहज, जणू ते तसंही ढकलायचंच होतं. प्यादं बरोबर उंट आणि राजा यांच्यामध्ये येतं. पुढे अर्ध्या तासाने राजा कोपऱ्यात सापडतो आणि नाना त्याला उचलून अडीच घरं पलीकडे ठेवतात.

“नाना, तुम्हाला शह बसला होता.”

“कधी?”

“मघाशी. उंटाचा.”

“त्यो शह तुम्ही तोंडानं म्हणाला नाहीत, गुरुजी. तोंडानं म्हणाला नाय तो शह नाय. प्यादं मी माझ्या मनानं सरकवलं.”

यावर उपाय: शह टपरीपर्यंत ऐकू जाईल असा द्यावा आणि किमान दोन साक्षीदारांची नजर पटावर असताना द्यावा.

पोटकलम: राजाला घोड्याची चाल मिळते, पण घोड्याचा मार मिळतो का? म्हणजे उडी मारून समोरचं मोहरं खाता येतं का? यावर एकमत नाही. नानांचं मत उडीच्या घरात काय ठेवलंय यावर अवलंबून असतं. डाव लावण्याआधी विचारून घ्यावं आणि उत्तर शक्यतो लिहून घ्यावं.

गुरुजींच्या किल्लेकोटाला अटी जास्त आहेत. राजा आणि तो हत्ती, दोघंही आधी हललेले नसावेत. मध्ये कोणी नसावं. राजाला शह नसावा. राजा ज्या घरावरून जातो आणि ज्या घरात बसतो त्यांवर समोरच्याचा मारा नसावा. हत्तीवर मारा असला तरी चालतो, हे तालुक्याच्या स्पर्धांतही भल्याभल्यांना माहीत नसतं आणि त्यापायी पंचांशी भांडणं होतात. गुरुजी हे सगळं समजावून सांगत होते तेव्हा नानांचा आक्षेप एवढाच होता: “एका पाळीत दोन मोहरी हलवायची, आन् वर आम्हाला लबाड म्हणायचं.”

शास्त्राधार हवा असेल तर तोही आहे. पैठणच्या भट्ट घराण्याची एक शाखा काशीला गेली. तिच्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ लिहिला. ग्रंथ राजनीतीचा, पण त्यात बुद्धिबळही आहे. ही माहिती नानांना गुरुजींनीच दिली, ही गुरुजींची चूक. आता वाद झाला की नाना गोदावरीच्या दिशेने हात करतात: पैठण ते काय, आपल्या मुंगी गावाच्या समोर, म्हणजे हा नियम आमच्या शेजारचा. ग्रंथात तो नियम आहे की नाही हे विचारणं नानांना अपमानास्पद वाटतं. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत निघालं, मूळ संस्कृतावरून. त्याच्या नावातच म्हटलंय की हे विलायती रीतीला जुळवून घेतलेलं आहे. म्हणजे देशी आणि विलायती अशा दोन वह्या एकाच डोक्यात बाळगण्याची परंपरा किमान दोनशे वर्षांची आहे. नाना एकटे नाहीत.

प्याद्यांचं कलम छोटं. देशीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. काही गावांत ठरावीक प्याद्यांना, त्यांच्यामागचं मोहरं जागेवर आहे तोवर, दोन घरांची सवलत असते. नानांच्या गावात ती नानांच्या प्याद्यांना असते.

बढतीचं कलम मात्र मोठं आहे. विलायतीत प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचं हवं ते करा, वजीर पटावर असला तरी दुसरा वजीर करा. हिशेबाने एका बाजूला नऊ वजीर होऊ शकतात. नानांनी विचारलं, “नऊ वजिरांना पगार कोण देणार?” देशीत तसं नाही. प्यादं ज्या पट्टीतून पोचेल त्या पट्टीचं मोहरं होतं: हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा, राजाच्या पट्टीत वजीर. तेही त्या मोहऱ्याची जागा रिकामी असेल तरच. नसेल तर प्यादं सातव्या घरात थांबतं. अनुकंपा भरतीसारखं हे आहे: आधीचा गेल्याशिवाय आदेश निघत नाही.

इथे अधिकारांची खरी गुंतागुंत आहे. तुमचं प्यादं घोड्याच्या पट्टीत सातव्या घरात उभं असेल तर समोरचा तुमचा घोडा मारणारच नाही. फुकट दिला तरी घेणार नाही. तुम्ही घोडा त्याच्या तोंडात नेऊन ठेवता, तो शेजारून प्यादं सरकवतो. काही पारांवर असंही आहे की प्याद्याचा घोडा झाला की त्याच पाळीत त्याला एक उडी मिळते, त्यामुळे तिथे घोड्याच्या पट्टीत सातव्या घरात उभं प्यादं वजिरापेक्षा भारी. उंटाचं तर आणखी वेगळं. उंट ज्या घरातून निघतो त्याचा रंग आणि त्याच पट्टीतल्या पलीकडच्या शेवटच्या घराचा रंग वेगळा असतो. म्हणजे गेलेल्या उंटाच्या जागी त्याच पट्टीत प्याद्याचा उंट झाला, तर दोन्ही उंट एकाच रंगाच्या घरांत फिरतात आणि दुसऱ्या रंगाची घरं उघडी पडतात. काळ्या-पांढऱ्या पटावर हे चटकन दिसतं. नानांच्या एकरंगी कापडावर ते फक्त नानांना दिसतं.

गेल्या दिवाळीत नानांचा पुण्यातला नातू विशेष अधिकारांचाच एक खेळ घेऊन आला. हिरोक्लिक्स. अमेरिकेत २००२ साली निघालेला, बोटाएवढे रंगवलेले वीर, प्रत्येकाच्या बैठकीत फिरणारी चकती. मार बसला की चकती खटकन एक घर फिरवायची. मग आकडे बदलतात, शक्तीही बदलतात. नानांना हे फार आवडलं. हत्ती जखमी झाला की त्याचा घोडा होतो, अशी कल्पना त्यांना का सुचली नाही म्हणून ते थोडे खट्टूही झाले. त्यात ‘आउटविट’ नावाची एक शक्ती आहे. ती असलेला वीर आपल्या पाळीत, समोरचा टप्प्यात आणि नजरेच्या रेषेत असेल तर, त्याची एक शक्ती बंद पाडतो. ती पुन्हा आपली पाळी येईपर्यंत बंद.

“ते मोठ्यानं सांगावं लागतं?” नानांचा पहिला प्रश्न.

“हो आजोबा. कोणती शक्ती बंद केली तेही सांगायचं.”

“आन् हे समदं पुस्तकात लिवलंय?”

“हो. केव्हा काय वापरायचं, कशानंतर काय, सगळं.”

नानांनी चकतीवाला वीर खाली ठेवला. सगळं लिहून ठेवल्यावर मग खेळायचं काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला नातवाची बाजू पटते, आणि तरी त्या क्षणी मी नानांच्या बाजूचा होतो.

बुर्जी हे कलम सगळ्यांत अवघड. देशीत समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरला तर जिंकलात असं होत नाही, बुर्जी होते, म्हणजे डाव बरोबरीतला. (प्यादी धरायची की नाही ते आधी ठरवावं.) त्यामुळे जिंकणाऱ्याला समोरचं एखादं मोहरं जपून ठेवावं लागतं, त्याला खाऊ घालून जिवंत ठेवावं लागतं, आणि ते जिवंत असताना मात करावी लागते. खादाड खेळाडू इथे फसतो. हरणाऱ्याचा धंदा उलटा: आपली मोहरी भराभर मरतील असं पाहायचं. नानांची खासियत म्हणजे शेवटचा हत्ती. तो ते गुरुजींच्या राजाला चिकटून ठेवतात, मोठ्यांदा ‘शह!’ म्हणतात (इथे तोंडाने म्हणायला विसरत नाहीत), आणि राजाला पळायला घर नसतं. मोहरं मारण्याची सक्ती एरवी नाही, पण शहातून सुटायचा तोच एक मार्ग उरला तर हत्ती मारावाच लागतो. मारला की बुर्जी. जिंकलेला डाव गुरुजींच्या हातून असा निसटताना मी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी गुरुजी हत्तीकडे असे बघतात की बघवत नाही.

मात करण्याचे प्रकार: प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. यापायी नाना स्वतःही डाव घालवतात. हत्तीने एका चालीत मात दिसत असते, पोरंसुद्धा बोट दाखवतात, आणि नाना ते एक प्यादं घेऊन खालून हळूहळू चालत येत असतात. लबाडीचा सगळा हिशेब मांडला तर त्यात ही रक्कम जमेला धरावी लागते.

हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं. नाना मोहऱ्याला हात लावत नाहीत, त्यावरची धूळ पुसतात.

बघ्यांच्या अधिकाराला मर्यादा नाही. तो कोणाच्याही पाळीत चालतो आणि मोहऱ्याची शक्ती तो बंद पाडू शकत नाही, फक्त माणसाची पाडतो. त्याची वेळ ठरलेली आहे: मोहऱ्यावरून बोटं सुटली की लगेच मागून ‘च्च्’ असा आवाज येतो. आधी कधीच येत नाही.

गुरुजी दाखले देतात. मीर सुलतान खान देशी खेळूनच वाढला, पण विलायती नियम शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. आपल्या नगर जिल्ह्यातला शार्दूल गागरे २०१६ साली ग्रँडमास्टर झाला तेव्हा तर गुरुजींनी पारावर पेढे वाटले. नानांनी पेढा खाल्ला, पोराचं तोंडभरून कौतुक केलं, आणि त्याला राजाची घोड्याची चाल ठाऊक आहे का याची चौकशी केली.

शेवटचं कलम, अर्धा राहिलेल्या डावाचं. संध्याकाळी पैठणची एसटी आली की डाव थांबतो, कारण बघे पांगतात आणि साक्षीदारांशिवाय नाना खेळत नाहीत. पट तसाच मारुतीच्या देवळात ठेवायचा. सकाळी एखादं प्यादं पुढे गेलेलं असतं. नाना म्हणतात, उंदीर. हल्ली गुरुजी रात्री मोबाइलवर पटाचा फोटो काढून ठेवतात. परवा त्यांनी तो नानांसमोर धरला. नानांनी चष्मा लावून, मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिला, आणि शांतपणे विचारलं, “यात काल दिलेला शह ऐकू येतो का?”