नावसूचक महाशयांस अनावृत पत्र

प्रति,
मा. नावसूचक महाशय,
मुक्काम ‘टू’ची चौकट, ईमेल.

विषय: दोन अक्षरांवरून माणूस ठरवण्याची आपली घाई आणि पूर्ण नाव सांगूनही तो न सापडण्याबाबत.

महोदय,

अर्जदार एका कचेरीत नोकरीस असून त्याचा बराचसा दिवस मेल लिहिण्यात जातो. ‘एसयू’ ही दोन अक्षरे उमटताच सुनील, सुनीता, सुहास आणि कुठल्याशा कंपनीचा ‘सपोर्ट’ अशी रांग आपण उभी करता, याबद्दल तो ऋणी आहे. रांगेच्या अग्रभागी असलेले सुनीलराव केव्हाच नोकरी सोडून गेले. तरीही त्यांचा मान आपण कायम ठेवलात. आपल्या दरबारी ज्याला जास्त मेल गेल्या तो वर, आणि सुनीलरावांना त्यांच्या काळी पुष्कळ गेल्या होत्या.

आपली कीर्ती अर्थात एका कचेरीपुरती नाही. नोव्हेंबर २०१४मध्ये ब्रिस्बेनला जी-२० परिषद भरायची होती. ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने परिषदेला येणाऱ्या ३१ नेत्यांची माहिती मेलने धाडली: जन्मतारखा, पासपोर्टचे क्रमांक, व्हिसाचे तपशील. यादीत ओबामा, पुतिन, शी जिनपिंग, अँगेला मर्केल होते आणि नरेंद्र मोदीही. आपण तत्परतेने चौकट भरलीत, आणि मेल जाऊन पडली ती आशिया चषक फुटबॉल स्पर्धेच्या स्थानिक संयोजन समितीतल्या एका सदस्याकडे. खात्याने कारण लेखी नोंदवले आहे: आउटलुकच्या ऑटोफिलने घातलेला पत्ता कर्मचाऱ्याने तपासला नाही. म्हणजे दोष कर्मचाऱ्याचा, आपण नामानिराळे! नेत्यांना काही कळवण्याचे कारण नाही, असेही खात्याने ठरवून टाकले. मार्च २०१५मध्ये ‘द गार्डियन’ने बातमी छापली तेव्हा हे सगळे बाहेर आले.

आपल्या स्मरणवहीबद्दलही थोडे बोलले पाहिजे. आउटलुक २००७पर्यंत ती ‘एनके२’ नावाच्या फाइलीत संगणकावरच असे; संगणक बदलला की लोक ती फाइल शोधत हिंडत. पुढे ती मेलबॉक्समध्ये राहायला गेली. तीत हजार नावे मावतात, आणि खरी गंमत नोंदींच्या पोटात आहे. कचेरीतल्या एखाद्याचे खाते बंद करून नव्याने उघडले, तर नाव तेच, पत्ताही दिसायला तोच. पण आपण आत जुना अंतर्गत पत्ता जपून ठेवलेला असतो. त्यामुळे शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाईंना पाठवलेली मेल ‘असे कोणी नाही’ म्हणत परत येते. बाई समोर डबा खात असतात. मग आयटीवाला मुलगा येतो, नावापुढच्या फुलीवर क्लिक करतो, “आता परत पूर्ण टाइप करा,” म्हणतो आणि निघून जातो. उपाय अचूक आहे. तो कोणाला आधी सांगायचा नाही, असा बहुधा नियम असावा.

हा झाला आपला उदार अवतार. अंदाज नको, नीट शोधा, असे म्हटले की आपण एकदम काटेकोर होता. मोठ्या कचेऱ्यांमध्ये सगळ्यांची नावे सांभाळणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी अर्धवट नाव जुळवते ते रकान्याच्या पहिल्या अक्षरापासून. मध्ये कुठे काही असेल तर ते तिच्या खिजगणतीत नाही. आता महाराष्ट्रातली आस्थापना शाखा नाव लिहिते ‘पाटील सुनील रामराव’, आणि कधी कधी सगळे एकाच रकान्यात. ‘सुनील’ शोधणाऱ्याला मग सुनील मिळत नाही आणि ‘पाटील’ शोधणाऱ्यापुढे अख्खा सांगली जिल्हा उभा राहतो.

शिवाय स्पेलिंग. ज्ञानेश्वर रोमन लिपीत कोणी ‘डीएनवाय’ने सुरू करतो, कोणी ‘जीवाय’ने, कोणी ‘जेएन’ने. आवाजावरून नाव शोधायची युक्ती काही काल निघालेली नाही. साउंडेक्सचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८मध्ये मिळाले. आज रूढ असलेल्या साउंडेक्समध्ये लक्ष्मी ‘एक्स’ने लिहा की ‘केएसएच’ने, सांकेतिक क्रमांक एकच येतो: एल-२५०. देशमुखांच्या शेवटी ‘एच’ असो वा नसो, डी-२५२. पहिले अक्षर बदललेले मात्र या युक्तीला चालत नाही, त्यामुळे ‘व्ही’चे वसंतराव आणि ‘डब्ल्यू’चे वसंतराव एकमेकांना परके, आणि ज्ञानेश्वरांचा प्रश्न तसाच. तरी आपल्यापेक्षा तिची समज बरी.

देवनागरीत टाइप केले की सुटलो, असे कोणी मानू नये. वकिलांच्या नावाआधीचा ‘ॲड.’ घ्या. कोणाच्या कळफलकावरून ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे उमटतात, तर कोणाच्या कळफलकावरून २००८च्या युनिकोड ५.१मध्ये आलेले स्वतंत्र ‘ॲ’. डोळ्यांना फरक दिसत नाही. युनिकोडच्या लेखी मात्र ती वेगळी, आणि दोन्ही समान माना असा नियमही त्यात नाही. एकाने जपून ठेवलेले वकीलसाहेब दुसऱ्याच्या शोधात फरार होतात. तारीख उद्याची असते.

आपल्याच भाऊबंदांनी या बाबतीत थोडी शरम दाखवली आहे. जीमेलने २००९मध्ये ‘गॉट द राँग बॉब?’ नावाची सोय आणली. नेहमी एकत्र मेल जाणाऱ्या मंडळींत भलताच बॉब शिरला, तर ती पाठवण्याआधी विचारत असे. पाठवलेली मेल मागे घेण्याची सोयही तिथे आहे, जास्तीत जास्त ३० सेकंदांची. खरे तर तेवढा वेळ मेल निघालेलीच नसते. बाहेरच्या संस्थेचा पत्ता दिसताच इशारा देणारी ‘मेलटिप’ आउटलुकपाशीही आहे. ती मुळात बंद असते, ॲडमिनने आठवणीने चालू करायची.

सबब विनंती की, ज्यांच्याशी बरेच दिवस पत्रव्यवहार नाही अशांना रांगेतून खाली बसवावे, ती मेलटिप जन्मतःच चालू ठेवावी, आणि नाव रकान्यात कुठेही असले तरी शोधून द्यावे. अंदाज चुकण्याचा संभव असेल तिथे चौकट कोरी सोडलीत तरी अर्जदाराची हरकत नाही. पत्ता टाइप करण्याइतकी बोटे त्याला आहेत.

कळावे,
अर्जदार

प्रत माहितीसाठी: आयटी विभाग (पत्ता हाताने टाइप केला आहे).