बिनसबबीचा पतंग

एका दोरीचा पतंग पडला तर वारा पडलेला असतो, कन्नी चुकीची बांधलेली असते, नाहीतर समोरच्या गच्चीवरच्याने लबाडी केलेली असते. दोन दोऱ्यांच्या पतंगात ही सोय नाही. प्रत्येक हातात एक दोरी. उजवी ओढली की पतंग उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे, आणि दोन्ही सारख्या धरल्या की नाकासमोर सरळ जातो. नाक जमिनीकडे असेल तर सरळ जमिनीत जातो. वर्तुळ, चौकोन, जमिनीपासून वीतभर उंचीवरची आडवी धाव, सगळे उडवणाऱ्याच्या मनगटातून येते. आदळणेही तिथूनच येते, आणि समुद्रकिनाऱ्यावर ते पाहायला माणसे असतात.

या पतंगाचे कूळ मात्र मोठे आहे. १८९९ मध्ये डेटन गावी विल्बर राइट यांनी पाच फुटी दुपंखी पतंग चार दोऱ्या आणि दोन काठ्यांनी हाताळला. पंख पिळून विमान वळवता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. पतंग वळला. एकदा तो इतक्या वेगाने खाली आला की बघायला जमलेल्या पोरांना जमिनीवर पालथे पडावे लागले. प्रेक्षकांना आडवे करण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

त्याहून जुने नाव ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांचे. पतंगाच्या जोरावर धावणाऱ्या घोडागाडीचे (घोडा वजा करून) पेटंट त्यांनी १८२६ मध्ये घेतले. पतंग चार दोऱ्यांनी आवरायचा. नाक्यावरचा टोल गाडी ओढणाऱ्या जनावरांवरून ठरत असे. पोकॉक यांच्या गाडीला जनावरच नव्हते, त्यामुळे पावती कशाची फाडावी हे नाकेदाराला कळेना. टोलनाक्यावर तासभर तिष्ठलेल्या कोणत्याही मराठी माणसाने या गृहस्थांची तसबीर घरात लावावी. याच मास्तरांनी मुलांना छड्या मारणारे यंत्रही तयार केले होते, तेव्हा तसबीर मुलांच्या खोलीत नको. त्यांनी आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाने अडीचशे फुटांहून वर चढवले. मार्था सुखरूप उतरली, पुढे तिचे लग्न झाले आणि १८४८ मध्ये तिला मुलगा झाला: डब्ल्यू. जी. ग्रेस, क्रिकेटचा दाढीवाला आद्यपुरुष. म्हणजे मांजा थोडा कच्चा निघता तर क्रिकेटचा इतिहास वेगळा झाला असता. याचा दोन दोऱ्यांच्या पतंगाशी संबंध पातळ आहे, हे मान्य. पण पतंगबाजांच्या गप्पांत पोकॉक निघाले की मूळ विषयाकडे कोणी लवकर परतत नाही.

दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर यांनी अमेरिकन नौदलासाठी दोन दोऱ्यांचा, सुकाणू लावलेला पतंग बनवला. त्यावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवायची, तो हवेत गरागरा फिरवायचा आणि तोफचींनी नेम धरायचा. १९७२ मध्ये इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी लांब शेपटीचा, हवा तसा वळणारा पतंग काढला आणि त्या दशकात हा खेळ घराघरांत गेला. आजचा पतंग बहुधा त्रिकोणी, शेपटीविना असतो: कार्बन फायबरच्या काड्या, नायलॉन नाहीतर पॉलिस्टरचे कापड आणि साधारण पंचवीस-तीस मीटरच्या दोन दोऱ्या. त्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. एक थोडी आखूड असली तरी पतंग तिच्या बाजूला ओढ घेत राहतो. उडवणारा तेव्हा वाऱ्याला दोष देतो, पण वारा दोन्ही दोऱ्यांना सारखाच असतो.

गिरगावात किंवा नागपुरात संक्रांती गाजवलेला माणूस हा या खेळातला सर्वांत अवघड विद्यार्थी. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडत असल्याने वर्णन खात्रीचे समजावे. अमेरिकेतल्या भाच्याकडे गेलेला हा गृहस्थ किनाऱ्यावर "अरे, आम्ही लहानपणी..." अशी सुरुवात करतो, दोऱ्या हातात घेतो आणि पतंग खाली झुकताच सवयीने ढील द्यायला बघतो. ढील नाहीच. दोरीची लांबी ठरलेली, फिरकी खिशात. मग तो दोन्ही हात डोक्यावर नेतो. दोन्ही दोऱ्या सारख्याच ओढल्या गेल्याने पतंग अधिक उत्साहाने आपल्या मार्गाने जातो. आता फक्त एक हात मागे घ्यायचा असतो, पण ज्याने आयुष्यात दहाजणांचे पतंग काटले त्याला हे आठ वर्षांच्या नातवाने सांगावे, हे सहन होत नाही.

आनंद येतो तो पहिल्यांदा इंग्रजी आठचा आकडा नीट काढता येतो तेव्हा. एका बाजूला फेरी मारली की दोऱ्यांना पीळ पडतो, उलट फेरीने तो सुटतो. दोऱ्या इतक्या गुळगुळीत असतात की पिळलेल्या असतानाही पतंग ऐकतो. वाऱ्याच्या दिशेला, मधोमध, पतंग सर्वांत वेगात असतो आणि कापड फरफरते. कडेला नेला की ओढ मंदावते. हे कळल्यावर माणूस स्वतःला पायलट म्हणवू लागतो. भारतात १९३४ च्या विमान कायद्याने पतंगाला 'विमाना'च्या व्याख्येत घेतले होते, हे तो चहाच्या वेळी एकदा तरी सांगतोच.

धोके वाऱ्याबरोबर वाढतात, आणि हिशेबाबाहेर वाढतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. झोत आला तर पतंगाकडे चालत जावे म्हणजे जोर कमी होतो, पण ओढला जाणारा माणूस मागे रेलतो, आणि मग वाळूवर बसल्या बसल्या पुढे सरकतो. विजेच्या तारांजवळ, रस्त्याकाठी, वादळी ढगांखाली उडवू नये. ताणलेली दोरी त्वचा कापते. म्हणून दोऱ्यांखालून कोणी चालू लागले की पतंग आधी उतरवावा.

इथे विनोद थांबवावा लागतो. जानेवारीत आपल्याकडे नायलॉन मांजाने दुचाकीस्वारांचे गळे चिरले जातात आणि पक्षी झाडांना लोंबकळत मरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी तो मागणाऱ्याला मिळतो. मागणारे आपल्याच इमारतीतले सभ्य लोक असतात, हे अधिक चीड आणणारे. खेळाच्या पतंगाची दोरी काटाकाटीसाठी नसते. ती गच्चीवर नेण्याचा मोह झाला तर फिरकी कुलपात ठेवावी.

आणखी एक घटक पुस्तकांत सहसा नसतो: पतंग पडला की तीस मीटर चालत जाऊन तो उभा करणारी व्यक्ती. बहुधा ही पत्नी असते. "जरा डावीकडे... तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!" हे ती वाऱ्यात ऐकते, पतंग सोडते, चार पावले मागे होते, तो पडतो, ती पुन्हा निघते. तिच्या मदतीचा उल्लेख उडवणाऱ्याच्या फोटोंत सापडत नाही. फोटो तिनेच काढलेले असतात.

चार दोऱ्यांचा आजचा खेळाचा पतंग सॅन दिएगोच्या हॅड्झिकी बंधूंनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणला. तो मागे जातो, जागेवर फिरतो, आणि दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा हवेत नुसता उभा राहतो. दोन दोऱ्यांवर प्रभुत्व आल्याचा ज्यांना भास होतो त्यांच्यासाठी तो उत्तम उपचार आहे. खरे प्रभुत्व व्हँकूव्हरच्या रे बेथेल यांचे: दोन पतंग दोन हातांत, तिसरा कमरेला, आणि तिन्ही एकाच तालात. ते बहिरे होते. प्रेक्षक त्यांच्यासाठी टाळ्या न वाजवता हात उंच करून हलवत.

खेळ संपल्यावर दोऱ्या इंग्रजी आठच्या आकड्यात गुंडाळाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी पीळ कमी. वाळू झटकावी. समुद्राचे पाणी लागले असेल तर पतंग गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, कारण उन्हाने कापड विरते. पंखांची रुंदी दोन मीटरांहून जास्त आणि बाथरूम मुंबईचे असल्यास काड्या आधी काढाव्यात.