पिन आला का, काका?

रिठदच्या टपालवाल्या काकांना गेल्या दीड महिन्यात एका पोट्ट्यानं जितक्या वेळा रस्त्यात अडवलं, तितकं मनीऑर्डरीच्या काळात कुण्या म्हातारीनंही अडवलं नसेल. "काका, पिन आला का?" काकांना आधी वाटलं एटीएमचा असेल. मग वाटलं नोकरीचं बोलावणं असेल. शेवटी पोट्ट्यानं फोड करून सांगितलं, गूगलचं पाकीट यायचं आहे. काकांनी गाडी स्टँडवर लावली आणि विचारलं, "गूगलले आपलं गाव माहीत हाये? त्याचा नकाशा तर पाव्हण्याईले नाल्यात नेते."

काकांचा विश्वास बसत नसला तरी गोष्ट खरी आहे. आपल्या वेबसाइटच्या पानावर गूगलच्या जाहिराती लावल्या आणि खात्यात १० डॉलर जमले की कंपनी तुमच्या पत्त्यावर सहा आकडी पिन पाठवते, तोही साध्या टपालानं. तो आकडा चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती बंद. उपग्रहावरून आपल्या घराचे पत्रे मोजणारी कंपनी तुम्ही त्या पत्र्याखाली खरंच राहता का, हे मात्र टपालवाल्याला विचारते. टपाल खात्याचा एवढा मोठा सत्कार कुण्या मंत्र्यानं केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पत्ता भरतानाही गंमत झाली होती. घर क्रमांक? नाही. रस्त्याचं नाव? रस्ताच नीट नाही तर नाव कुठून येणार? पोट्ट्यानं पहिल्या ओळीत टाकलं 'मारुतीच्या देवळामागे' आणि दुसऱ्या ओळीत 'मु. पो. रिठद, ता. रिसोड, जि. वाशिम'. आता अख्ख्या गावात त्याला त्याच्या नावानं कुणी ओळखत नाही, सगळे बापाच्या नावानं ओळखतात. पाकिटावर बापाचं नाव नाही. म्हणून ही रोजची अडवाअडवी.

आता त्याच्या पानावर पिकतं काय? तर हप्ता. मराठीत गावोगावी अशी पानं निघाली आहेत, त्यांचं मुख्य पीक हप्ता हेच. लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० रुपये जून २०२४ मध्ये जाहीर झाले. शेतकऱ्याला केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० येतातच. शिवाय पीक विमा, अनुदान, कर्जमाफी. म्हणजे बाराही महिने कुणी ना कुणी कशाची ना कशाची वाट पाहत बसलेलं. ही वाट पाहणारी जनता हेच पोट्ट्याचं काळं रान. मथळा ठरलेला असतो: 'मोठी बातमी! उद्या सकाळपासून या ९ जिल्ह्यांतल्या महिलांच्या खात्यात'. मग योजनेचा इतिहास, मग फायदे, मग कागदपत्रांची यादी, मग पुन्हा फायदे. मधे आठ जाहिराती. आणि सगळ्यात खाली, बोट दुखायला लागल्यावर, एक ओळ: अधिकृत तारीख अद्याप जाहीर झालेली नाही.

बातमी म्हणायची तर ती एवढीच. पण वरच लिहून टाकली तर खालपर्यंत उतरेल कोण?

पोट्ट्याची आई स्वतः लाभार्थी. तिनं विचारलं, "हप्ता आला काय रे?" हा म्हणाला, "माह्या पानावर पाह्य." माउलीनं पाहिलं. हप्ता दिसला नाही, साडीची जाहिरात दिसली. तिनं ती तीनदा दाबली. आता नियम असा की स्वतःच्या पानावरची जाहिरात स्वतः दाबायची नाही आणि घरच्यांकडून दाबून घ्यायची नाही, खातं बंद होऊ शकतं. तेव्हापासून त्या घरात जगभरचे लोक ते पान पाहू शकतात, फक्त आईला बंदी आहे. हप्त्याची चौकशी ती आता शेजारणीकडे करते.

गूगलचा आणि त्याचा करार आपल्याकडच्या बटईसारखाच आहे. जमीन त्यांची, नांगरणी-वखरणी-डवरणी याची. आलेल्या शंभरातले ६८ पानवाल्याला, ३२ कंपनीला, असा हिशेब कंपनीनंच जाहीर केलेला आहे. आपल्याकडे बटईत निम्मंनिम्म असतं, त्या मानानं मालक उदारच म्हणायचा. अडचण एवढीच की शंभर किती झाले हे मालकच सांगणार. रिसोडच्या बाजार समितीत निदान काट्याजवळ उभं राहून वाद घालता येतो. इथं काटा कुठल्या गावी आहे तेच माहीत नाही.

भावाचंही तसंच. जाहिरातीच्या जागेचा दर क्षणाक्षणाला लिलावानं ठरतो. वाचकाच्या खिशात काय असेल याचा अंदाज घेऊन बोली लागते. मराठी भाषेला या लिलावात २०१८ मध्ये प्रवेश मिळाला आणि मराठी वाचकाची गत सोयाबीनसारखी झाली: आवक भरपूर, बोली कमी. सोयाबीनला २०२४-२५ मध्ये कागदावर का होईना, ४,८९२ रुपयांचा हमीभाव होता. बाजारात तो बहुतेकांना दिसला नाही, ही गोष्ट वेगळी, पण भांडायला आकडा तरी होता. मराठी वाचकाला हमीभाव नाही, त्यामुळे रास्ता रोको कुठं करायचा हाही प्रश्नच.

पाऊसपाण्याशिवायची शेती म्हणून पोट्टं इकडं वळलं होतं. बाप म्हणायचा, वावरात ये. हा म्हणायचा, माझ्या धंद्याला पाऊस लागत नाही. मी त्याला सांगितलं, लागतो लेका, फक्त तो कॅलिफोर्नियात पडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलनं शोधाचे निकष बदलले आणि जगभरातली कितीतरी लहान पानं एका रात्रीत कोरडी पडली. मार्च २०२४ मध्ये पुन्हा फेरबदल झाला. शोधातला निकृष्ट मजकूर ४५ टक्क्यांनी कमी केल्याचं कंपनीनं त्यानंतर अभिमानानं सांगितलं. निकृष्ट कोणता, ते तीच ठरवणार. पंचनामा नाही, तलाठी नाही, पीक विमा नाही. (आपला एक रुपयातला पीक विमाही २०२५ च्या खरिपापासून गेला म्हणा, पण तो रडण्याचा विषय वेगळा.)

२०२४ च्याच ऑगस्टपासून गूगल भारतातही शोधाच्या वरच्या बाजूला यंत्राकडून लिहून घेतलेलं उत्तर दाखवू लागलं. खालच्या पानावर जायची गरजच उरली नाही. आमचा पोट्टा यावर चिडला. मी विचारलं, तू तुझे लेख कसे लिहितोस? तर तोही यंत्राकडूनच लिहून घेतो. म्हणजे यंत्रानं लिहायचं, दुसऱ्या यंत्रानं वाचायचं आणि तिसऱ्यानं लोकांना सांगायचं. मधे हा काहून? तर पिनची वाट पाहायला.

त्याच्या मित्राचा धंदा जरा वेगळा, तो लिंकवाला. लिंक द्यायची, कुणी त्या वाटेनं जाऊन माल घेतला की याला कमिशन. अ‍ॅमेझॉननं हा प्रकार जुलै १९९६ मध्ये सुरू केला, म्हणजे वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघायच्या दोन वर्षं आधी. नियम साधे आहेत. लिंक दाबल्यापासून चोवीस तासांच्या आत माल टोपलीत पडला पाहिजे. खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन तरी विक्र्या झाल्या पाहिजेत, नाहीतर खातं बंद. स्वतःच स्वतःच्या लिंकवरून घेतलं तर कमिशन नाही, हे कळल्यावर त्याचा पहिला महिना सुतकात गेला.

त्यानं गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बॅटरीवरच्या फवारणी पंपाची लिंक टाकली. लोकांनी ती निष्ठेनं पाहिली, पंपाचा फोटो मोठा करून पाहिला, किंमत पाठ केली आणि रिसोडच्या दुकानदाराला जाऊन सांगितली. घासाघीस करून पंप तिथूनच आणला. काहून? कारण दुकानदार पैशाला सोयाबीन निघेपर्यंत थांबतो आणि नोझल तुटलं तर बसवून देतो. लिंक चोवीस तास थांबते. मुंबई-पुण्याकडच्या ऑनलाइन कमाईच्या शिकवणीत हे शिकवत नाहीत, कारण तिथं उधारीवर जगणारं गिऱ्हाईक कुणी पाहिलेलं नाही.

बरं, कमिशन तरी टिकाऊ आहे? अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये, लोक घरात कोंडलेले आणि ऑनलाइन खरेदी उसळलेली असताना, आठवडाभराच्या नोटिशीनं दर छाटले. फर्निचर-घरसामानावरचे ८ टक्क्यांचे ३ झाले, किराण्यावरच्या ५ चा १. लिंकवाल्यांचा मोर्चा निघाला नाही. मोर्चा निघायला एकमेकांचं गाव माहीत असावं लागतं.

दलालीला माझा विरोध नाही. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतो, पण तो दलाल आहे हे बैलालासुद्धा ठाऊक असतं. ऑनलाइनवाला मात्र 'मी स्वतः वापरून पाहिलं' म्हणतो. म्हणूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला जानेवारी २०२३ मध्ये समजावून सांगावं लागलं की मोबदला मिळत असेल तर तो ठळकपणे सांगा. दिशाभूल केली तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. आमच्या लिंकवाल्यानं हे वाचलं आणि उलट खूश झाला. म्हणाला, "पन्नास लाखाचा दंड करतात म्हणजे या धंद्यात पैसा हाये!"

पैसा आहेच, पण तो शिकवणीत आहे. 'घरबसल्या महिन्याला लाख' हा कोर्स विकत घ्या आणि मग तोच कोर्स लिंकवरून पुढच्याला विका. मालच नाही, नुसती साखळी. पिरॅमिड पद्धतीवर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी घातली आहे, पण कोर्सवाला म्हणतो, आम्ही शिक्षण देतो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. २०१०-११ मध्ये स्पीक एशिया नावाच्या कंपनीला लोकांनी ११,००० रुपये भरले होते, घरबसल्या सर्वेक्षणं भरून पैसे मिळणार म्हणून. २०११ मध्ये प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं. 'घरबसल्या' या शब्दात घर कुणाचं बसतं, ते जाहिरातीत कधीच लिहीत नाहीत.

ऑनलाइन कुणीच कमवत नाही असं म्हणालो तर मधुरा बाचल यांचे प्रेक्षक मला लाटण्यानं मारतील. २००९ पासून त्या यूट्यूबवर रेसिप्या दाखवताहेत. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, 'आपली आजी', वयाची सत्तरी गाठत असताना २०२० मध्ये यूट्यूबवर आल्या आणि लाखो लोकांनी त्यांच्याकडून मसाला शिकून घेतला. फरक एवढाच की दोघींच्या हाताला आधी चव होती, कॅमेरा मागून आला. आमच्या पोट्ट्यानं आधी डोमेन घेतलं आणि आता तो सांगायला काही आहे का ते शोधतो आहे.

आणि ते रिठदमध्ये आहे. खुद्द टपालवाल्या काकांकडेच आहे. डाकसेवकाला नोकरीशिवाय पोटाचं दुसरं साधन असावं हा खात्याचा जुना नियम, म्हणजे 'साइड इन्कम' हा शब्द गावात यायच्या कितीतरी आधीपासून काका ती करताहेत, तीन एकरांत. घरचंच सोयाबीन बियाणं म्हणून ठेवतात आणि मे महिन्यात त्याची उगवण तपासतात. मी पोट्ट्याला म्हटलं, यावर लिही. तो म्हणाला, "हे कोणी सर्च करत नाही, भाऊ." दर जूनला अर्धा तालुका बियाणं उगवलं नाही म्हणून कृषी कार्यालयात उभा असतो, पण ते याच्या सर्चच्या तक्त्यात दिसत नाही.

परवा पाकीट आलं. काकांनी हातात दिलं आणि विचारलं, "किती आले?" आले काही नव्हते. पैसे हाती पडायला १०० डॉलर लागतात, याचे दहा व्हायला आठ महिने गेले. काकांनी उरलेल्या नव्वदांचा हिशेब तिथंच बोटांवर केला आणि सहा वर्षांवर आल्यावर बोटं मिटली.

तेव्हा पोट्टा लिहीत नाही ते मीच लिहून टाकतो. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे घ्या, निवडून नको, सरसकट. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो पुरे, कमी निघाले तर त्या मानानं बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते पेरूच नका. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत तिफण घरातच राहू द्या. खाली लिंक नाही.